बदलापूर बाद

बुद्धभूषण ओव्हाळ राहायचा बदलापूरला, कात्रपच्या एका तीन मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत, पण ऑफिसात कुणी विचारलं की सांगायचा, "ठाणे साइड." आता ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बसून 'ठाणे साइड' म्हणणं म्हणजे समोरच्याला सरळ सरळ टोलवणं. एकदा एकाने चिकाटीने विचारलंच आणि खरं उत्तर ऐकून म्हणाला, "बापरे, तिकडे मोबाइलला रेंज तरी येते का रे?" सगळे हसले. भूषणही हसला. तेव्हापासून त्याने एक युक्ती काढली. दुसऱ्याने बदलापूरवर विनोद करायच्या आत आपणच करून टाकायचा. हसं व्हायचंच आहे, तर निदान आपल्या हाताने होऊ दे.

सवय वाईट होती. ती कुठवर गेली तेच सांगायचं आहे.

वर्ष दोन हजार सात. भूषण तेव्हा सत्तावीस वर्षांचा. वडील रामभाऊ अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून एक्झामिनर म्हणून रिटायर झालेले. तयार माल मापून पास-नापास करण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. क्वार्टर सोडताना त्यांनी बदलापूरला वन रूम किचन घेतलं. मुलगा कॉम्प्युटरमध्ये लागला याचा त्यांना कोण अभिमान! पण मुलगा नेमकं करतो काय, असं कुणी विचारलं की बिचारे अडकायचे. शेवटी एका रविवारी भूषणने त्यांना समोर बसवून समजावलं.

एक विमा कंपनी आहे. तिला गावोगावी एजंट हवेत. त्यासाठी हजारो अर्ज येतात. कुणाला ट्रेनिंगला बोलवायचं आणि कुणाला नाही, हे पूर्वी एखादा साहेब अर्ज वाचून ठरवायचा. आता ते नियम ठरवतात. नियम म्हणजे साधी वाक्यंच. दहावी नापास असेल तर बाद. वय अठराच्या खाली असेल तर बाद. बारावी पास असून शाखा जवळ असेल तर पात्र. अशी दोनशे चौदा वाक्यं. भूषणने ती लिहायची, तपासायची, मग सगळ्यांचं मिळून एक गाठोडं बांधायचं, त्यावर नंबर टाकायचा आणि कंपनीच्या सर्व्हरवर चढवून द्यायचं. एकदा चढवलं की कुठल्याही शाखेतल्या क्लार्कने अर्ज भरला की सर्व्हर त्या गाठोड्याला विचारणार, ह्या माणसाला घेऊ का? गाठोडं एका सेकंदात सांगणार, घे किंवा नको. सर्वांत नव्या नंबरचं गाठोडं बोलतं, जुनी गप्प बसतात.

"आणि बांधताना भलतंच वाक्य आत गेलं तर?" रामभाऊंनी विचारलं. सगळा जन्म माल तपासण्यात गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

"जात नाही बाबा. गाळणी असते. ज्या नियमावर 'मंजूर' असा शेरा आहे तेवढाच आत जातो. वर बांधून झालं की आतल्या नियमांची यादी येते. ती वाचूनच मी सही करतो."

"पूर्ण वाचतोस?"

"हो, मग!"

पहिले सहा महिने तो खरंच वाचायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी नियमांत काही बदल आले आणि नवं गाठोडं बांधायची वेळ आली. चाचणीसाठी एक असा अर्ज हवा होता, जो हमखास बाद होईल आणि बाद झाल्याचं पत्र नीट छापलं जातं का ते बघता येईल. कुठल्याही खऱ्या नियमाने ते काम भागलं असतं. पण भूषणला आली लहर. त्याने तात्पुरता एक नियम लिहिला: पिनकोड ४२१५०३ असेल तर अपात्र. हा त्याच्या स्वतःच्या घराचा पिनकोड. कारणाच्या रकान्यात त्याने ९९ टाकलं, कारण खऱ्या नियमांत तो आकडा कुठेच नव्हता. आणि नियमाला नाव दिलं, 'बदलापूर बाद'. मग खुर्ची मागे सरकवून स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी फिरवली.

शेजारी बसणारी जिज्ञासा तोंडावर हात ठेवून हसली. "अरे, तुझाच अर्ज बाद होणार ना मग!"

"आमच्याकडे विमा कोण काढतोय?" भूषण म्हणाला. "आमच्याकडे माणसं डायरेक्ट मरतात."

टीम लीड धर्मेश आपल्या केबिनमधून बाहेर येऊन हसून गेला. भूषणला फार बरं वाटलं. 'मंजूर' शेरा नसेल तर नियम चाचणीतही चालत नाही, म्हणून त्याने तो शेरा मारला. संध्याकाळी पुसून टाकू, दोन मिनिटांचं तर काम, असं मनाशी म्हणाला. आणि विसरला.

दोन मार्चला, शुक्रवारी, विमा कंपनीवाला कस्टमर डोक्यावर बसलाय म्हणून धर्मेशने घाई केली. भूषणने गाठोडं बांधलं. गाळणीने आपलं काम चोख केलं. 'मंजूर' दिसलं, घेतलं आत. यादी आली ती दोनशे पंधरा नावांची. नुसता आकडा बघितला असता तरी एक जास्त आहे हे कळलं असतं. भूषणने माउसचं चाक एकदा वरून खाली फिरवलं आणि तपासणीच्या कागदावर सही ठोकली. वीस मिनिटांत काम फत्ते. "एकदम फास्ट आहे आपला भूषण," धर्मेश सगळ्यांसमोर म्हणाला. घरी येताना त्याने आईसाठी चिकू घेतले.

आता यशोधराताईंकडे वळू या. त्या भूषणच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. वय छत्तीस, उल्हासनगरच्या कॉलेजातून बारावी झालेल्या, नवरा अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्ट ड्यूटीला. घरात पाचवी ते सातवीच्या पंधरा मुलांची शिकवणी घ्यायच्या. ओळख अंबरनाथच्या क्वार्टरच्या दिवसांपासूनची; भूषणचीही दहावीची बीजगणिताची तयारी तेव्हा त्यांनीच करून घेतली होती. त्याच्या पाठीत दोन धपाटे घालायचा हक्क त्यांनी तिथेच कमावला होता. विमा कंपनीची जाहिरात आली तेव्हा ह्या बाईंनी ठरवलं, आता घराबाहेर पडायचं. उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमधल्या शाखेत जाऊन अर्ज भरून आल्या. बाईंचा स्वभाव असा की एकदा ठरलं म्हणजे झालंच. मुलांच्या आयांना त्यांनी सांगूनही टाकलं, एप्रिलपासून शिकवणी बंद, दुसरीकडे बघा. आयांनी बघितलं. पंधराही मुलं समोरच्या बिल्डिंगमधल्या क्लासला नाव घालून आली.

पंचवीस मार्चच्या रविवारी सकाळी भूषण दूध घेऊन वर चढत होता. यशोधराताई दारात उभ्या. "भूषण, जरा आत ये रे. हे वाच."

पत्र इंग्रजीत होतं, चार ओळींचं. तुमचा अर्ज आमच्या निकषांत बसत नाही. सहा महिने पुन्हा अर्ज करता येणार नाही. शुभेच्छा. आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, कारण: ९९.

भूषणने पत्र उजेडाकडे धरून तळ पुन्हा वाचला. तो आकडा जगात एकाच माणसाने लिहिला होता.

"मी ते दहा वेळा वाचलं," ताई म्हणाल्या. "फॉर्मची झेरॉक्स काढून वाचली. वय बरोबर. मार्कशीट जोडलेली. शाखा इथून दुसऱ्या स्टेशनवर. मग काय चुकलं रे माझं?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "मला वाटतं, नाव वाचलं असेल. आडनाव वाचलं, नवऱ्याचं काम वाचलं, आणि ठेवला बाजूला. तू तसल्या ऑफिसात असतोस. असतं ना असं?"

इथे भूषणने जे केलं ते त्याला जन्मभर पुरणार आहे. 'नाही ताई, चूक माझी आहे,' एवढी पाच शब्दांची गोष्ट होती. जीभ टाळूला चिकटली म्हणावं तर तसंही नाही, कारण लगेच ती चांगली चालली. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "असतं ताई. असंच असतं."

त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. आडनाव वाचून कागद बाजूला ठेवणारी माणसं रामभाऊंनी फॅक्टरीत पाहिली होती, भूषणने स्वतः एका इंटरव्ह्यूत पाहिली होती. ती गोष्ट खरी होती, घरोघरी सोसलेली होती. तीच पुढे करून तो तिच्या आड लपला. घरात आई म्हणाली, दूध आणायला गेलास की म्हैस आणायला? तो सरळ मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

सोमवारी तो सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचला. 'बदलापूर बाद' पुसला, नवं गाठोडं बांधलं, ह्या खेपेला यादीतली दोनशे चौदा नावं बोट लावून वाचली आणि चढवून दिलं. 'बदल काय केला' ह्या रकान्यात लिहिलं, किरकोळ दुरुस्ती. मग त्याने नोंदी उघडल्या. चोवीस दिवसांत त्या नियमाने एकेचाळीस अर्ज बाद केले होते. कात्रप, मांजर्ली, बेलवली, एरंजाड, चामटोली. शाळा सोडून घरी बसलेल्या मुली, कंत्राटी कामगार, एक रिटायर्ड मास्तर. पत्ते वाचताना त्याला ते रस्ते दिसत होते. एकेचाळीस माणसांना नकाराची पत्रं गेली, आणि कंपनीकडे एकाचीही तक्रार नव्हती.

बाद झालेला अर्ज सर्व्हरला पुन्हा विचारायची सोय होती. चूक कबूल केली तर सगळे एकेचाळीस पुन्हा विचारता येणार होते. ट्रेनिंगची बॅच सोळा एप्रिलला सुरू व्हायची होती. तीन आठवडे हातात होते. पण एकेचाळीस अर्ज एकदम हलवायचे तर धर्मेशची परवानगी लागणार, कस्टमरला कळणार, आणि 'बदलापूर बाद' हे नाव मीटिंगच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसणार. एखादा अर्ज मात्र परवानगीविना पाठवता यायचा. भूषणने यशोधराताईंचा पाठवला. एका सेकंदात उत्तर आलं, पात्र.

बाकीचे चाळीस उद्या बघू, असं तो रोज म्हणायचा.

आठवड्याने ताईंना बोलावण्याचं पत्र आलं. त्या धावत वर आल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी भूषणचा हात धरला. "तू केलंस ना काहीतरी?" तो म्हणाला, "मी काय केलं? जरा बघितलं फक्त." नम्रपणे म्हणाला, आणि तो नम्रपणा त्याच्या अंगावर इतका शोभला की रामभाऊंचे डोळे भरून आले. त्यानंतर तो तोंड चुकवून वावरू लागला. ताईंच्या दारावरून जायला नको म्हणून पहाटे लवकर निघायचा. जेवण जाईना. आईला वाटलं, ऑफिसात काम फार आहे.

चौदा एप्रिलला संध्याकाळी विहाराच्या पटांगणात कार्यक्रम होता. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली. मग समितीचे अध्यक्ष दौलतराव माइकवर आले आणि म्हणाले, आता आपल्या वस्तीतल्या एका तरुणाचा सत्कार. भूषण मागच्या खुर्चीवर होता. त्याला कळायच्या आत पोरांनी त्याला ढकलत पुढे नेलं. शाल आली, गुलाबाचं फूल आलं. रामभाऊ पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, ताठ.

मग यशोधराताई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांना चार माणसांत बोलायची सवय नव्हती; लिहून आणलेला कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "माझा अर्ज नाव बघून नाकारला," त्या म्हणाल्या. "मी तीन दिवस घरातून बाहेर पडले नाही. मुलांच्या आयांना तोंड दाखवायची लाज वाटायची. पण आपला एक माणूस आत बसलेला होता. त्याने माझा कागद शोधून काढला आणि पुन्हा समोर ठेवला. म्हणून मी सगळ्या आयाबायांना सांगते, पोरांना शिकवा. एक जण आत पोचला की दहा जणांना दार उघडतं." टाळ्यांचा कडकडाट झाला. "जयभीम"च्या घोषणा झाल्या. भूषण शाल पांघरून उभा होता. त्याला वाटलं, आत्ता कुणी आपल्याला चपलेने मारलं तर बरं होईल. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय, हे त्याला त्या दहा मिनिटांत समजलं.

कार्यक्रम संपल्यावर दोघी जणी त्याला भेटायला थांबल्या होत्या. एक मुलगी, एक मध्यमवयीन बाई. दोघींच्या हातात तेच चार ओळींचं पत्र. "दादा, आमचं पण जरा बघता का?" बाई म्हणाली. "माझी उमर झाली म्हणून नसेल घेतलं. पण बघा, होतंय का." भूषणने पत्रं घेतली. तळाला ९९ होतं, दोन्हींवर.

सोमवारी, सोळा तारखेला, तो धर्मेशच्या केबिनमध्ये गेला आणि दार लावून सगळं सांगितलं. नियमाचं नाव सांगितलं. एकट्या ताईंचा अर्ज पुढे काढला तेही सांगितलं.

धर्मेशने डोकं धरलं. "बॅच कब है?"

"आज सुरू झाली."

"तो तीन हफ्ते पहले बोलना था ना यार! चाळीसच्या चाळीस बसले असते." मग म्हणाला, "हसलो तर मीपण होतो." एवढं तो म्हणाला हे त्याचं मोठेपण, नाहीतर ह्या धंद्यात चूक नेहमी खालच्याची असते.

कस्टमरने आरडाओरडा केला नाही. चाळीस अर्ज पुन्हा विचारले गेले, त्यांतले सव्वीस पात्र निघाले. बॅच भरलेली होती. पुढची ऑक्टोबरात, त्यात ह्या सव्वीस जणांना आधी घेऊ, असं ठरलं. पत्रात कारण द्यायचं नाही, असंही ठरलं. 'फेरतपासणीत आपला अर्ज पात्र ठरला आहे,' बस. भूषणकडून गाठोडी बांधायचं आणि चढवायचं काम काढून घेतलं आणि त्याला परत चाचणीवर बसवलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. नोकरी गेली असती तर कदाचित जास्त बरं वाटलं असतं, असं त्याला नंतर वाटलं.

त्या संध्याकाळी यशोधराताई ट्रेनिंगचा पहिला दिवस करून आल्या होत्या. दार उघडंच होतं. नवी फाइल टेबलावर, चहा गॅसवर. "ये ये! अरे, काय छान शिकवतात. तो सिंधी मॅनेजर आहे ना, मला म्हणाला, मॅडम आप तो टीचर लगती हैं."

भूषण उंबऱ्यातच उभा राहिला आणि त्याने सांगितलं. सरळ, एका दमात, जसं धर्मेशला सांगितलं तसं. नियम, त्याचं नाव, ऑफिसातलं हसणं, एकेचाळीस अर्ज, त्यांचा एक, उरलेले चाळीस.

चहा उतू गेला. ताईंनी गॅस बंद केला आणि ओटा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा एकदा पुसला.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं."

"नाही ताई."

"नावामुळेही नव्हतं."

"नाही."

"मी नावाचं म्हणाले तेव्हा तू मान हलवलीस." त्या वळल्या. रागाने बोलल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. त्यांना खरंच समजत नव्हतं. "कशी हलवलीस रे? माझ्यासमोर बसून? तुझ्या आजोबांना पाहिलंय मी."

भूषण रडायला लागला. सत्तावीस वर्षांचा माणूस, लॅपटॉपची बॅग खांद्याला, उंबऱ्यात उभा राहून रडतोय, असं ते दृश्य. वरच्या मजल्यावरच्या सगुणाबाई जिन्यात थबकल्या आणि शहाण्यासारख्या परत वर गेल्या.

"मी माइकवर बोलले," ताई म्हणाल्या. "लहान लहान पोरं बसली होती पुढे. आता मी त्यांना काय सांगू? उद्या खरंच कुणाचा कागद नाव बघून फेकला, आणि तो सांगायला आला, तर लोक म्हणतील, यशोधराबाईंचंही असंच होतं. मशीनची चूक होती म्हणतील."

हे भूषणच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण केलं ते एवढं लांब पोचतं, हे त्याला त्या बोलल्या तेव्हा कळलं.

"ताई, मला माफ करा."

"नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या दारात माफी मागून मोकळा होऊ नकोस. मला तर तू आत घेतलंस. ज्यांना नाही घेतलं त्यांच्याकडे जा. पत्रात कारण देणार नाहीत म्हणतोस ना? मग तू तोंडाने सांग. विहारात मी माझं सांगेन, तू तुझं सांग." आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, लावलं.

रामभाऊंना त्याने त्याच रात्री जेवताना सांगितलं. ते जेवण अर्धं टाकून उठले, कपाटातून शाल काढली, नीट चौघडी घातली आणि सकाळी दौलतरावांच्या घरी नेऊन दिली. काय कारण सांगितलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. पुढे कुणी "मुलगा काय करतो?" असं विचारलं की म्हणायचे, "कंपनीत आहे."

पुढच्या रविवारी वंदनेनंतर भूषण उभा राहिला आणि बोलला. कुणी ओरडलं नाही. पत्रं घेऊन आलेल्या त्या दोघींपैकी मुलगी उठून निघून गेली. बाई जवळ येऊन म्हणाली, "म्हणजे उमरीचं काही नव्हतं?" नव्हतं म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय हे त्याला कळलं नाही.

मग त्याने रविवार धरले. पत्ते त्याने नोंदींतून उतरवून घेतले होते; तसं करायला मनाई होती, पण ह्या एका मनाईचं त्याला काही वाटलं नाही. एका रविवारी तीन-चार घरं. मांजर्लीतल्या एकाने त्याची गचांडी धरली, आणि भूषणला त्या दिवशी गाढ झोप लागली. बाकी बहुतेक ठिकाणी वेगळंच घडायचं, आणि ते त्याला जड जायचं. प्रत्येकाने नकाराचं कारण आपल्यापुरतं शोधून ठेवलेलं असायचं. रिटायर्ड मास्तर म्हणाले, मला वाटलं माझं इंग्रजी कच्चं. बेलवलीची एक मुलगी म्हणाली, फोटोत मी सावळी दिसते म्हणून. एरंजाडचा एक जण म्हणाला, बारावीला दोनदा बसलो होतो, ते कळलं असेल त्यांना. जो तो आपल्या अंगावर कुठे डाग आहे ते चाचपून बसला होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी तो चामटोलीला गेला. हरिचंद्रचं घर गावाच्या टोकाला, पुढे पेंढ्याची गंजी, दारात मोटरसायकल. हरिचंद्र तिशीचा, गावातला पहिला बी.कॉम., अंबरनाथला एका कंपनीच्या गेटवर मालाच्या गाड्या लिहून घ्यायचं काम करणारा. शेत घरचं होतं, पण त्याला टेबलखुर्चीचं काम हवं होतं. बायको वेणूने खाट टाकली, पाणी आणलं. भूषणने नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली. आता त्याला ते सांगून सांगून पाठ झालं होतं, आणि पाठ झालंय याचीही त्याला लाज वाटायची.

हरिचंद्रने सगळं शांतपणे ऐकलं. "म्हंजे मी पास होतो?"

"होता. ऑक्टोबरला तुम्हाला बोलावतील. पण एप्रिललाच बोलवायला हवं होतं. माझ्यामुळे राहिलं."

वेणू आतून म्हणाली, "हे तर पत्र आल्यावर कंपनीत साहेबाला सांगून आले, मना हितंच राहूं द्या, मी दुसरीकडं नाय जात. एजंटच्या लायसन्सच्या परीक्षेचा पुस्तक आनलेला, तो पन परत दिला."

"गप ना," हरिचंद्र म्हणाला. मग भूषणकडे वळला. "तुमी आलाव, सांगितलाव, बरा केलाव. दुसरा कोन येतो? चा घ्या." भूषणने कप उचलला. तेवढ्यात हरिचंद्रने विचारलं, "एक विचारू? चोवीस दिस ह्यो चाललेला. येवढी मानसा बाद झाली. एक पन मानूस नाय आला विचाराला, का बाद केला म्हनून?"

"नाही," भूषण म्हणाला. "एकही नाही."

"मी पन नाय आलो."

हरिचंद्रचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो आपल्या पायांकडे बघू लागला, मग हात कुठे ठेवावेत ते न कळून मांडीखाली घेतले. "बी.कॉम. हाय मी," तो पुटपुटला. "शाखेत जाऊन नुसता विचारला असता तरी झाला असता. पाय उचलला नाय. मना वाटला, आपल्याला नाय म्हनतात ते बरोबरच असंल." बायकोने ऐकलं का, हे बघायला त्याने एकदा आत नजर टाकली आणि पुन्हा मान खाली घातली.

माफी मागायला आलेला भूषण समोर बसला होता आणि ओशाळला होता तो हरिचंद्र. 'तुम्ही नका हो मान खाली घालू,' असं भूषणला म्हणायचं होतं. त्याने चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. वेणू बाहेर आली, तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा पाहुण्याकडे, आणि तिला काही कळेना की ह्या दोघांत चूक केली कुणी.